काळ्या कडेचं पाकीट

गुरुराजराव हे माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यावरून तुम्ही भलतंच काही समजाल. पण एकदा त्यांचा मला इतका संताप आला की त्यांच्या कचेरीच्या आवारात, भर दिवसा, मी त्यांच्या हातातलं पाकीट हिसकावून घेतलं. मी भवानी, शाळेत शिकवणारी बाई, चाळिशी उलटलेली.

आम्ही तंजावरकडचे मराठी. मद्रासेत मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. पुढच्या दोन खोल्यांत माझी ही बहीण सीतालक्ष्मीअक्का आणि भावजी, मागच्या खोलीत मी एकटी. लग्न का केलं नाही ते सांगायला ही जागा नव्हे. भावजी पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात परदेशी टपालाच्या टेबलावर होते. एकोणतीस वर्षं एकच काम, पत्ता वाचायचा आणि पत्र त्या त्या खणात टाकायचं. ते इतकं अंगात भिनलं होतं की घरी भाजी आणली तरी वांगी एकीकडे, भेंडी एकीकडे, लिंबं तिसरीकडे असं लावल्याशिवाय पिशवी ठेवायचे नाहीत. अक्का म्हणायची, बरं की मला अजून कुठल्या खणात टाकलं नाही.

त्यांचा एक हट्ट मात्र अक्काच्या डोक्यात जायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यनारायण सरकारी शिष्यवृत्तीवर इंजिनियरिंग शिकायला ऑस्ट्रेलियाला गेलेला, तिथल्या टास्मानिया नावाच्या बेटावर. त्याचं पत्र आलं की ते सकाळी आधी भावजींच्याच टेबलावर पडायचं. हे गृहस्थ ते मैलापूरच्या खणात टाकायचे, संध्याकाळी घरी येऊन अवाक्षर काढायचे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन घेऊन आला की सगळ्यांसारखे चकित व्हायचे. "पत्र पोस्टमननं द्यायचं असतं," एवढंच उत्तर. अक्का काही कमी नव्हती. ती रोज संध्याकाळी त्यांचं तोंड वाचायची. मिशीखाली ओठ जरा घट्ट मिटलेले दिसले की उद्या पत्र, हे तिला पक्कं कळायचं.

आमच्याकडे पत्राची रीत अशी. शुभ पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळद. मरणाच्या पत्राला काळं. काळ्या कोपऱ्याचं पत्र घरात आणत नाहीत. दाराबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करूनच उंबरा ओलांडायचा. अक्कानं सत्याला जाताना हळदीचा डबा दिला होता, आणि पोरगं गुणी, तिकडून येणाऱ्या प्रत्येक निळ्या पत्राला पिवळं बोट लावायचं. इतका समुद्र ओलांडून येऊनही त्या पत्रांना हळदीचा वास असायचा.

सदुसष्ट सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, ती बातमी पेपरात आली. टास्मानियात वणवा लागला, वारा सुटला, आणि काही तासांत आग डोंगरावरून उतरून गावाच्या वस्तीत शिरली. साठावर माणसं गेली, घरं शेकड्यांनी जळाली. भावजींनी तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं आणि मधेच थांबले. सत्या डोंगराच्या उतारावर ट्रेगर नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे राहायचा. आमच्या घराला चहूकडून झाडं आहेत, त्यांची सालं गळतात, पानांना औषधासारखा वास येतो, असं त्यानं हौसेनं लिहिलेलं होतं.

"डोंगर जळतो म्हणजे काय?" अक्कानं विचारलं. तिनं आगी पाहिल्या नव्हत्या असं नाही. मद्रासेत दर उन्हाळ्यात झोपड्यांच्या झावळ्या पेटतात, बंब येतो, एक गल्ली जाते, लोक रडतात. पण तिच्या हिशेबी आग म्हणजे पाणी ओतलं की विझणारी वस्तू. आग माणसापेक्षा जोरात धावते, ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेते, हे मी तिला समजावून सांगायला गेले आणि दोन वाक्यांत मलाच बोलवेना.

तार केली. चार दिवसांनी उलट निरोप आला की दिलेल्या पत्त्यावर आता घर नाही, म्हणून तार पोचवता आली नाही. मी तो कागद तीनदा वाचला. घर नाही. असं कसं नाही? गेल्या महिन्यात तर त्या घरातून पत्र आलं होतं. कॉलेजला तार केली तर तिकडे सुट्या. सरकारी खात्याला लिहिलं तर चौकशी चालू आहे. अक्का म्हणाली, "घर नाही म्हटलंय, माणूस नाही कुठं म्हटलंय," आणि आत जाऊन तिनं भात चढवला. आम्ही तिघं जेवलो. काय जेवलो ते मला विचारू नका.

वीस तारखेला, सोमवारी, मी शाळेतून येऊन मागच्या दारी पाय धूत होते. भावजी मागच्या बोळानं आले. तिकडून ते कधी येत नसत. सायकल भिंतीला टेकवली, विहिरीवर गेले, आणि चष्मासुद्धा न काढता दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. शर्ट, धोतर, सगळं अंगावर.

"काय होलं?" मी विचारलं. आमच्या बोलीत झालं नाही, होलं म्हणतात.

"गटाराचं पाणी उडालं. निवडणुकीची मोटार जोरात गेली."

"डोक्यावर उडालं?"

ते धोतर पिळत राहिले. आतून अक्का आली, तिनं रोजच्यासारखं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. दगडावर काही वाचता येईल तर त्या तोंडावर वाचता येईल. "आज काही नाही," ते म्हणाले, आणि कोरडे कपडे मागितले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. हा माणूस दोनदा भात मागून घ्यायला लागला. रोज संध्याकाळी अक्कासाठी जाईचा गजरा आणायला लागला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यांनी कधी फूल आणलेलं मी पाहिलं नव्हतं. अक्का लाजली. म्हणाली, "म्हातारपणी काय हे चाळे." तर म्हणतात कसे, "माळ, माळ, आज माळून घे." आणि स्वतःच्या कपाळाला मात्र गंध नाही. चंदन संपलं म्हणाले. मी देवघरात जाऊन पाहिलं, तर अख्खं खोड तिथं पडलेलं. सुतकात बाई फूल माळत नाही आणि पुरुष गंध लावत नाही. मला सगळं उमगलं, आणि उमगलं तसा रागही आला. रडू यायच्या आधी मला नेहमी रागच येतो.

शुक्रवारी निवडणुकीच्या निकालामुळे शाळा लवकर सुटली. रस्त्यारस्त्यावर फटाके, लोक नाचत होते, अनोळखी माणसं माझ्या हातावर साखर ठेवत होती. मी ती साखर मुठीत धरून बसनं थेट भावजींच्या ऑफिसात गेले. ते आवारात सायकलींच्या छपराजवळ एकटेच उभे होते. समोर डबा, न उघडलेला.

"सत्याचं पत्र आलंय," मी म्हणाले. विचारलं नाहीच.

ते कुंपणाच्या भिंतीजवळ गेले, एक सुटी वीट काढली आणि आतून मेणकापडात गुंडाळलेलं पाकीट बाहेर घेतलं. पांढरं पाकीट, चारी बाजूंना बोटाएवढी काळी कड. पत्ता कुणा परक्या हातचा. मागे नाव, मिसेस ट्रेगर. पाकीट जसंच्या तसं बंद होतं.

"तुम्ही वाचलं नाही?"

"सुतक केव्हा धरतात, भवानी?" ते शांतपणे म्हणाले. "परदेशी वारलेल्याचं, ऐकल्यापासून. मी वाचलं नाही, तिनं ऐकलं नाही. आज पाचवा दिवस. अजून ती लेकुरवाळी आहे. शिवरात्र होऊ दे. तिनं त्याच्यासाठी उपास धरलाय."

"आणि तुम्ही? तुम्ही तर अंघोळ करून बसलात."

"माझ्या हाताला लागलं ना ते. मी रोज करतो, इथल्या नळावर. घरी फक्त पहिल्या दिवशी चुकून केली."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. एकोणतीस वर्षं जगाची पत्रं ज्याची त्याला पोचवणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोचं पत्र भिंतीत चिणून बसलाय. मी पाकीट ओढून घेतलं. ते "नको, नको" करत मागे सरले, जसं काही मी निखारा धरला होता. मी ते दातानं फाडलं.

इंग्रजी पत्र होतं, दोन पानांचं. पहिली ओळ वाचली आणि मला वाटलं माझे डोळे बिघडले. पुन्हा वाचली. मग मोठ्यानं, भावजींना मराठीत सांगत गेले. "आपला मुलगा जिवंत आहे. तो इस्पितळात आहे. त्याचे दोन्ही हात भाजलेत, म्हणून त्याच्यासाठी मी लिहिते आहे. डॉक्टर म्हणतात हात वाचतील, उजव्या हाताची दोन बोटं कदाचित वाकायची नाहीत."

"पुन्हा वाच," भावजी म्हणाले. मी पुन्हा वाचलं. ते खाली मातीत बसले. बाहेर फटाक्यांची माळ लागली होती. मग त्यांनी वर पाहिलं आणि एखाद्या सॉर्टरलाच सुचावं असं विचारलं.

"मग ही काळी कड कुणाची?"

ते दुसऱ्या पानावर होतं. आग आली तेव्हा मिस्टर ट्रेगर आणि सत्या ओली पोती घेऊन छप्पर वाचवायला धडपडत होते. धुरात वाट सापडेना. म्हाताऱ्यानं सत्याला न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर ढकललं. तो स्वतः त्या खिडकीत मावला नाही. बाई लिहितात, "या कागदाबद्दल क्षमा करा. घरातलं काहीच राहिलं नाही. माझ्या यजमानांची बातमी कळवायला हे कागद आणले होते, दुसरे जवळ नाहीत. सत्याला आपल्या आईसाठी कोपऱ्यांना कसलीशी पिवळी पूड लावायची होती. तोही डबा जळाला."

मी मूठ उघडली. साखरेचं पाणी झालं होतं.

भावजी रजा न मांडता घरी आले, नोकरीत पहिल्यांदा. अक्का तिण्णैवर बसली होती. आम्हा दोघांना एकत्र येताना पाहून ती उठून उभी राहिली आणि खांब धरला. मी रस्त्यातूनच ओरडले, "जिवंत आहे." मग दाराबाहेर उभं राहूनच सगळं वाचून दाखवलं. तिनं एकदाही मधे विचारलं नाही. संपल्यावर तिचं पहिलं बोलणं माझ्याशी होतं.

"हे केव्हा आलं?"

मी भावजींकडे पाहिलं. "सोमवारी," ते म्हणाले, आणि भिंतीतली वीट, नळावरची रोजची अंघोळ, सगळं सांगून टाकलं.

अक्कानं अंबाड्यातला गजरा काढला. तिचा आवाज जराही चढला नाही, म्हणून तो मला अजून ऐकू येतो. "तिकडे एका परक्या माणसानं माझ्या लेकाला खिडकीतून बाहेर काढलं. आणि इथं तुम्ही, त्याचे बाप, पाच दिवस रोज त्याच्या नावानं अंघोळ करत होतात. एकदा उघडून तरी पाहायचं."

मलाही वाटलं, बास कर अक्का. पण ती बरोबर बोलत होती, आणि मी तिची बाजू सोडली नाही.

थोड्या वेळानं तीच आधी विहिरीवर गेली. नेसत्या लुगड्यानिशी बादली ओतून घेतली. मग भावजींनी, मग मी. कुणाच्या नावानं, ते कुणीच बोललं नाही. तिघांनाही ठाऊक होतं. दहा दिवस घरात फूल नाही, गोड नाही, गंध नाही. शेजारच्या अलमेलूमामींनी विचारलं, कोण गेलं हो तुमचं? अक्का म्हणाली, "सत्याच्या घरचे."

पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ट्रेगरबाईंना उत्तर लिहिलं. अक्का सांगत गेली, मी इंग्रजीत करत गेले. लांब नव्हतं ते. पाकीट बंद केल्यावर मी सवयीनं हळदीची वाटी पुढे ओढली. अक्कानं माझा हात बाजूला केला. देवासमोरचं निरांजन उचललं, वर वाटी पालथी धरून काजळी जमवली, आणि बोटानं पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना एकेक काळं बोट लावलं. मग पाकीट भावजींच्या हातात दिलं.

"पोस्टमनची वाट पाहू नका," ती म्हणाली. "स्वतः नेऊन टाका."