डाव्या बाजूची बोटं

माझे वडील, आबा, मंगळवारी गेले. सकाळी ते त्यांची प्रवासी जीप घेऊन गोरेगावहून सेनगावकडे निघाले. फाट्यावर डावीकडून टेम्पो आला. जीपमध्ये ते एकटेच होते.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं माझ्या आईलाही माहीत नाही — तुम्हाला सांगतानाही मी आधीची दोन पानं फाडली आहेत.

मी डोळे तपासायचं शिकते. त्या वर्षी आम्हाला एक विषय होता — डोळा किती बघतो, आणि मेंदू त्यातून काय उभं करतो. सर म्हणाले होते, एखाद्या बाजूचं दिसेनासं झालं तरी माणसाला तिथे काळोख दिसत नाही. काही कमी आहे, हेच कित्येकदा त्याला कळत नाही. समोरचं जग त्याला पुरंच वाटतं. मी ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. रेघ मारायला काय लागतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रॅक्टिकलच्या वहीत निरोगी डोळ्यांच्या दहा नोंदी करून न्यायच्या होत्या. सगळेच घरची, शेजारची माणसं बसवतात. माझ्या नऊ झाल्या होत्या. दहावे आबा.

त्यांना ओट्यावर समोर बसवलं. एक डोळा तळहाताने झाकायचा, माझ्या नाकाकडे बघत राहायचं आणि मी बाजूला धरलेली बोटं मोजायची. उजवीकडची त्यांनी पटापट सांगितली. डावीकडे मी दोन बोटं धरली — ते गप्पच.

“किती, आबा?”

“धरली कव्हा तू?” म्हणत त्यांनी मान वळवली. “हां, दोन. बराबर हाय का, डॉक्टरीणबाई?”

“मान नका ना फिरवू.”

“मंग दिसंल कसं?”

आई आतून म्हणाली, “शाळेतबी अशीच शेजारच्याची पाटी बघत असतील.”

आबा हसले. आम्ही दुसरा डोळा झाकला. पुन्हा डावीकडचंच नाही. या वेळी मी नुसती मूठ धरली आणि विचारलं, किती?

“तीन,” ते म्हणाले. मान न हलवता, शहाण्या लेकरासारखे. मग जरा थांबून — “काहून गप झालीस? चुकलं काय?”

“न्हाई, आबा. बराबर हाय.”

हे मी म्हणाले. दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते तेव्हा दोष डोळ्यांत नसतो, मेंदूत असतो, ते मला पाठ होतं. जीपच्या डाव्या अंगाला पडलेले नवे ओरखडेही मी पाहिले होते. तरी?

त्यांची जीप सुटेल, स्टँडवर त्यांचा मान जाईल, म्हणून मी बोलले नाही — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. जीप तेव्हा माझ्या मनातही आली नव्हती. दोष सापडला की त्या माणसाला कॉलेजात नेऊन सरांसमोर पुन्हा तपासावं लागे, आणि माझी एक नोंद कमी पडली असती. दोन दिवसांनी मला परत जायचं होतं. मी लिहिलं — दोन्ही डोळे, सर्व बाजू ठीक.

तीन आठवड्यांनी तो मंगळवार आला.

टेम्पोवाला हट्टा गावचा आहे. पोलीस ठाण्यात तो काकांपुढे हात जोडून एकच सांगत होता, “दिवसाढवळ्या एवढा टेम्पो, पन त्यायला दिसलाच न्हाई हो.” काका म्हणाले, वीस वर्षं त्याच रस्त्यानं गाडी चालवणाऱ्या माणसाला दिसणार नाही होय? तिथल्या कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. माझा बसला.

केस अजून चालू आहे. दर तारखेला तो हिंगोलीला येतो. त्याचं नाव मला माहीत आहे, घर कुठे आहे तेही माहीत आहे. मी गेलेले नाही.