सरांचा बी प्लस

परीक्षेला घाबरणारे विद्यार्थी जगात पुष्कळ असतील, पण स्वतःच्या निकालाला घाबरणारे प्राध्यापक मी एकच पाहिले, ते म्हणजे आमचे एम.ए.च्या सेमिनारचे सर. कारण जो निबंध ते आम्हाला लिहायला लावत, तोच स्वतःही लिहीत आणि चिठ्ठ्या टाकून वर्गातल्याच एकाकडे तपासायला देत. "कसोट्या मी लावल्या, मग मी काय सुटीवर?" असं त्यांचं म्हणणं. विभागप्रमुखांना हा प्रकार थिल्लर वाटे. सरांना विभागप्रमुखच थिल्लर वाटत, त्यामुळे फिट्टंफाट होती.

सेमिनार दुपारी दोनचा. जेवणं झालेली, पंखा कुरकुरतोय, पानांच्या सावल्या टेबलावर हलतायत. सर वाक्याच्या मध्येच थांबत आणि खिडकीबाहेर बघत बसत. किती वेळ, ते विचारू नका! आम्हीही त्यांच्यामागोमाग कुठे कुठे तरंगत जायचो, आणि सर परत आले की नेमकं त्याच शब्दापासून वाक्य पुढे सुरू. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "झोप आली तर खुशाल झोपा. घोरू नका. स्वप्न पडलं तर वर्गाला सांगा, सहभागाचे गुण त्यातच धरीन." एका मुलाने खरंच डुलकी काढली आणि उठून सांगितलं, की स्वप्नात तो मुठा नदीत गोदरेजचं कपाट बुडवत होता. झालं! सरांनी उरलेला तास त्या कपाटावर चर्चा घेतली आणि त्याला पैकीच्या पैकी दिले. उलट, पहिल्या बाकावरून सतत हात वर करणाऱ्या मुलीला म्हणाले, "अहो, आपण फार जाग्या असता. जरा बेताने."

निबंधाची वेळ आली की मात्र हेच गृहस्थ कमालीचे कडक. पहिलं वाक्य मावशीला फोनवर सांगता आलं पाहिजे. काय कळलेलं नाही, ते एकदा तरी प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. आणि लिहायला बसण्याआधी शेवट माहीत असता कामा नये. असला, तर बी प्लसच्या वर एक पायरी नाही, लिहिणारा कोणी का असेना. गंमत अशी, की या कसोट्यांवर ए मिळवायची सगळ्यांत जास्त आस सरांनाच होती. विषय दर वर्षी एकच, पुण्याच्या कडेला असलेल्या धायरीचं गावपण नेमकं गेलं कधी? सर जन्मले तिथे, राहतातही तिथेच. दर वर्षी नव्या मुलाखती, नवं लेखन, आणि दर वर्षी बी प्लस. कारण शेवट ठरलेला. शेतं गेली, सोसायट्या आल्या, बिल्डरांनी गाव नेलं. एका वर्षी कुणीतरी शेरा मारला होता, "शेवटी रडलात." तो शेरा सर सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवायचे, पण त्या दिवशी बसस्टॉपवर त्यांनी धायरीच्या दोन बस तशाच जाऊ दिल्या, म्हणे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. सगळा वर्ग हात धुऊन माझ्या मागे लागला. "अगं, शाल-श्रीफळ देणारच आहोत, त्यात एक ए घाल ना! तुझं काय जातंय?" मलाही आतून तेच वाटत होतं. माणूस इतकी वर्षं एका अक्षरासाठी झुरतोय, आणि ते अक्षर माझ्या पेनात! निबंध वाचला. काय सुरेख लिहिलं होतं हो! ओढ्याकाठची चिंच, ओट्यावर वाळत घातलेल्या शेवया, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि शेवटच्या पानावर पुन्हा तेच मेले बिल्डर. मी डोळे पुसत बी प्लस लिहिला. सरांनी तो बघितला, खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाले, "अहो, ए दिला असतात ना, तर मी तुम्हाला नापास केलं असतं." हसले, पण नंतर चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

आता मी वारज्याच्या एका कॉलेजात शिकवते. परवा दुपारी, अशाच पेंगुळलेल्या वेळी, सरांचा फोन आला. "मॅडम, तपासायला सवड आहे का? या वेळचा शेवट मला माहीत नव्हता." आणि त्यांनी वाचायलाच सुरुवात केली. सर आंबे घ्यायला मार्केट यार्डात गेले होते. पेटी उचलून देणाऱ्या हमालाने सहज विचारलं, "बाबा, गाव कुठलं?" आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "पुणे." उभ्या जन्मात पहिल्यांदा "धायरी" म्हणायचं राहिलं. ते तिथेच उभे राहिले, माणसं बाजूने वाट काढत गेली. निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, "बिल्डर नंतर आले, आधी मीच गावातून निघालो होतो, आणि कधी निघालो, ते मला कळलेलं नाही."

मी म्हटलं, "सर, ए." पलीकडे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती अशा बोलीत, सर हळूच म्हणाले, "खरं हाय का, बाई?"

"खरं आहे, सर," मी म्हटलं. मग हाताशी आलेल्या कागदावर मोठा ए काढला आणि खाली सही केली.