काकू जिथं थांबायच्या

मार्थाकाकू प्रार्थनेत मध्येच डोळे उघडायच्या. सगळे माना खाली घालून बसलेले असत. कुणीतरी मागणं संपवून, सवयीनं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणत आमेनकडे वळलेलं असे, की काकूंचा आवाज यायचा, “थांब. काय म्हणलीस, कळलं का?” बहुतेक वेळा ती मीच असायची. मी घाईची बाई. दर गुरुवारी बेंबळीत कुणाच्या तरी घरी आमची प्रार्थना भरे आणि माझा अर्धा जीव घरी राहिलेल्या भाकऱ्यांत.

काकू माझ्या शेजारीण, वयानं आईएवढ्या. मागायला त्यांची ना नव्हती. “माग की पोटभर, बाप हाय तो,” म्हणायच्या. “पण शेवटचं वाक्य म्हणलं की मागितलेलं त्याच्या हातात गेलं. मग वढून घ्यायचं न्हाय.” मी एकदा नवऱ्याची बदली धाराशिवलाच व्हावी म्हणून प्रार्थना केली, वर कुठल्या साहेबाला बुद्धी द्यायची तेही देवाला सुचवलं. काकू हसून हसून बेजार. बदली झाली भूमला.

त्यांचा गळा म्हणजे आमच्या मंडळीचं वैभव. भजन त्यांनी उचलायचं, पेटी मागाहून त्यांच्या सुरात येऊन बसायची. त्याच गळ्यात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाठ काढावीच लागेल, आवाज राहील याची खात्री नाही. जायच्या आधी प्रार्थना काकूंच्याच घरी भरली. त्या स्वतः बोलल्या. देवा, गळा राहू दे, मला गायला लई आवडतं, एवढंच. आणि थांबल्या. शेवटचं वाक्य येईना. शेवटी न राहवून मी हळूच विचारलं, आमेन म्हणू का?

“नगं.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. “आज निघत न्हाय गं तोंडातनं. त्याच्याशी खोटं कसं बोलू?”

प्रार्थना तशीच, आमेनशिवाय उठली.

आवाज गेला. उरला तो घोगरा, कुजबुजीएवढा. मला फार राग आला, आणि तो डॉक्टरांचा नव्हता. घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी काकू काहीतरी पुटपुटल्या. ऐकायला आम्ही सगळे पुढं वाकलो. त्या तेच राहिलेलं वाक्य म्हणत होत्या, एकेक शब्द थांबत. मग आमेन. चहा देताना मी विचारलं, काकू, तुमचा राग गेला का हो सगळा?

“थोडा हाय अजून,” त्या म्हणाल्या. “ते बी त्याला सांगितलंय.”

पुढं त्या भजनाला खंजिरी धरायच्या आणि बेसूर गाणाऱ्याला डोळ्यांनीच दटावायच्या. त्यात माझा नंबर पहिला.

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. दफनाला बाहेरगावचे पाळक आले होते. कबरीपाशी त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, आम्हीही बरोबर म्हणू लागलो. ‘तुझे राज्य येवो’ झालं आणि पुढचं, काकूंचं वाक्य पाळक एकटेच म्हणाले. आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून ते निघेना. त्यांनी चमकून वर पाहिलं. या मंडळीला प्रार्थना पाठ नाही, असं त्यांना वाटलं असेल. भले माणूस, थांबले.

आम्ही उभे राहिलो. मला त्या दिवशी कसलीच घाई नव्हती. पुष्कळ वेळानं मी म्हटलं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मग मागून एकेक जण म्हणाला.