चित्राकडे पाठ करून बसणारे सर

चित्रकार आपल्या चित्राकडे बघत बसतात. आमचे ड्रॉइंग सर चित्राकडे पाठ करून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघायचे. तुळजापुरातल्या ज्या लॉजचा मी मॅनेजर आहे, तिथल्या काउंटरसमोरच्या सोफ्यावर रोज सकाळी दहाला हजर.

शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी घरात मोठमोठी तैलचित्रं काढली. माणूस नाही, झाड नाही; नुसते रंग, सुरीनं थापलेले. पुढं मुलाकडं पुण्याला कायमचं जायचं ठरलं. तिथल्या फ्लॅटमध्ये चित्रांना जागा नव्हती. बाकीची इकडंतिकडं दिली आणि सगळ्यात लाडकं, अजून पुरतं न वाळलेलं, माझ्या गळ्यात मारलं. मी ते सोफ्यामागच्या भिंतीवर टांगलं. लाल, केशरी, पिवळा, नुसता भडका.

"हे काय आहे, सर?"

"बघा की." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. "जायच्या आधी एक माणूस तरी नीट बघताना दिसू द्या, बास."

आता आमचं गिऱ्हाईक म्हणजे सोलापूरपासून एसटीत उभं राहून आलेलं. खोली, गरम पाणी, दर्शनाची रांग, एवढंच विचारतं. दुसऱ्याच आठवड्यात लोहाऱ्याच्या एका आजीनं त्या लाल रंगाला हळदकुंकू लावून हात जोडले. झालं, मागून येणारा प्रत्येक जण लावू लागला. ओल्या रंगात कुंकू चिकटून बसलं. मी धास्तावून फडकं घेतलं, तर सरांनी हात धरला.

"राहू द्या, रंग फिसकटंल. सकाळपासून लई जण पाया पडले हो. बघितलं एकानंबी न्हाय."

आवाज पार थकलेला होता. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यात कुणीतरी चादरीवरून भांडायला आलं.

सर निघाले तो मंगळवार होता. खोल्यांसाठी झुंबड, माझं डोकं उठलेलं. बाहेर मुलाची गाडी उभी. सर काउंटरपाशी आले.

"तुम्ही तरी बघितलं का हो?"

"म्हणजे काय सर, रोज समोरच तर आहे."

"खालच्या कोपऱ्यातला हिरवा कसा वाटला?"

"लई भारी," रजिस्टरमधून मान वर न करताच मी बोलून गेलो.

ते हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "येतो मग. तब्येतीला जपा."

चार महिन्यांनी मुलाचा फोन आला, सर गेले. फोन ठेवला आणि काउंटर सोडून पहिल्यांदा त्या चित्रासमोर जाऊन उभा राहिलो. खालचा डावा कोपरा बघितला, उजवा बघितला, मग सगळं चित्र बघितलं. हिरवा रंग त्यात कुठंच नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.