गल्लीचे ऊन पाणी

पऱ्हाटीच्या धुराला एक वास असतो. कोरडा, किंचित गोड, घशात उतरल्यावर कडवट होणारा. पऱ्हाटी म्हणजे वेचणी संपलेल्या कपाशीची वाळकी झाडे. माझ्या लहानपणी परभणीतल्या आमच्या गल्लीची सकाळ याच वासाने उजाडे. दारोदार आंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे बंब पेटत, आणि सगळ्यांत आधी पेटे तो सरूआत्याचा. पौषातल्या एका सकाळी सेलूला माझ्या घरी फोन वाजला. “आत्या गेली,” एवढेच भाऊ म्हणाला. फोन ठेवला आणि घरात कुठेही विस्तव नसताना मला तोच वास आला...

सरूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पालमजवळच्या गावाहून ती माहेरी आली ती कायमचीच. आम्हा सगळ्या भावंडांना तिने न्हाऊ घातले. न्हाणीतल्या काळ्या दगडावर मी डोळे मिटून बसलेली असे. तिच्या उजव्या हाताला कढत पाण्याची बादली, डाव्या हाताला गार पाण्याची. कढत पाणी अंगाला सोसेल असे करायला त्यात जे गार मिसळायचे, ते विसण. प्रत्येक तांब्याआधी विसण हवे का ते ती विचारी, आणि माझ्या ‘हूं’ची वाट पाही. तिच्याइतकी कुणी माझ्या कातडीची विचारपूस केली असेल, असे मला वाटत नाही.

बंबाला फुंकर घालता घालता धूर तिच्या छातीत राहायला आला. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितले, तेव्हा भावाने गच्चीवर काचेच्या नळ्यांचा सोलर बसवला. तरी तिची धाप काही कमी होईना. “माझा बंब मी इझवीन रे,” ती त्याला म्हणाली, “गल्लीचे कोण इझवंल?” त्याच सुमारास महापालिकेची योजना आली: समाजमंदिराच्या छतावर गल्लीचा एकच मोठा सोलर, आणि तिथून घरोघर गरम पाण्याचा नळ. अट एकच, बहुतेक घरांची संमती हवी.

मी तेव्हा माहेरी आले होते; निवेदन मी लिहिले. उन्हावर, आभाळावर, पुढच्या पिढ्यांवर... वाक्ये मोठी देखणी जमली होती. मंदिराच्या पारावर बसलेल्या पुरुषांनी एका संध्याकाळीच सह्या दिल्या आणि मी धन्य झाले. पण महापालिकेच्या साहेबांनी समाजमंदिरात शेवटची विचारणा केली तेव्हा तेच पुरुष आपापल्या चपलांकडे बघत बसले. एकजण कसाबसा बोलला, “ताई, तुमचं सगळं खरं हाय. पण घरात न्हाई म्हणायलेत.” चूक माझी होती. बंब पेटवणाऱ्या एकाही हाताला मी विचारले नव्हते. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली.

आत्याने मला जवळ बसवले. रागावली नाही. “लिवलंस झ्याक,” ती म्हणाली, “पण पाणी कुटं दाखवलंस?” दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गच्चीवरच्या पाण्याने भरलेली झाकणाची कळशी माझ्या कडेवर देऊन ती समोरच्या गयाबाईंकडे निघाली. त्यांची सून बाळंत होऊन पाचच दिवस झाले होते, आणि गल्लीतला नकार मुख्यतः गयाबाईंचाच होता. बारा पावलांचे ते अंतर आत्याने दोनदा थांबून पार केले.

“आलीस का सूर्याची वकील?” गयाबाई म्हणाल्या. “उनाच्या पाण्यानं बाळंतीण शेकती व्हय? आन् वांगं कशावर भाजू, भांड्याला राख कुठली आणू?”

“राख माझी घे, मी मेल्यावर,” आत्या म्हणाली. “आधी बोट घालून बघ.”

गयाबाईंनी बोट घातले आणि झटक्यात ओढून तोंडात धरले. शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या होत्या. त्या पदराआड हसल्या. गयाबाई कळशीकडे बघत राहिल्या. मग दारातल्या एकीला, तिच्याकडे न बघताच, म्हणाल्या, “पाट मांड गं. आन् विसण आण.” त्या दुपारी लिंबाच्या पाल्याचा वास असलेली वाफ त्या घरातून बाहेर आली, आणि तिच्यात धूर नव्हता. आठवडाभरात बायकांनी स्वतः येऊन सह्या दिल्या, काहींनी अंगठे. माझे देखणे निवेदन कुणी वाचायला मागितले नाही.

नळ आला. सगळे बंब काही विझले नाहीत, आभाळ भरून आले की पाणी कोमट येई, आणि गयाबाई अंगणातून हाक देत, “सरू, तुजा सूर्य रुसला गं आज.” पण उघडिपीच्या सकाळी गल्लीत खरोखर सकाळचाच वास येऊ लागला. आत्याच्या छातीसाठी मात्र फार उशीर झाला होता. ते तिला ठाऊक होते. गयाबाईंची नात धुराविना वाढते आहे, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

दिवसकार्याला गेले तेव्हा न्हाणीत दोन्ही बादल्या तशाच शेजारी शेजारी होत्या. मार्गशीर्षात, आमच्या शेवटच्या भेटीत, मी तिला तिथेच न्हाऊ घातले होते. माझ्या जागेवर, त्या काळ्या दगडावर, ती बसली होती. पाठीची हाडे पाण्याखाली लकाकत होती. गल्लीचे पाणी कढत आले होते, आणि विचारायचे मी विसरले. ती दचकली नाही. तांब्यावरचा माझा हात तिने चाचपून धरला. ती लहान कुणाला समजत होती, मला की स्वतःला, कोण जाणे... डोळे मिटूनच, धापेच्या दोन लाटांमधल्या जागेत, तिने मला विचारले,

“विसण?”