एकशेबारा म्हणजे कोण

आई गेल्यावर अप्पांना मी लातूरहून नांदेडला माझ्याकडं आणलं. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. सारा जन्म रस्त्यावर गेलेला, त्यामुळं आमच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. त्यात शुगरमुळं पायाची जखम भरत नव्हती. बोट काढावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते, ते थोडक्यात वाचलं. तेव्हापासून घरात गोडाला बंदी. साखरेचा डबा कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

दिवाळीनंतर अप्पा रोज दुपारी बागेत चक्कर मारायला जाऊ लागले. मला बरंच वाटलं. मग एका रविवारी मी भाजी निवडत होते आणि गॅलरीतून त्यांचा दबका आवाज आला.

"हाव, उद्या दोन नंबर लावून ठेव. छत्तीसचं नाव काढू नको. एकशेबाराची काळजी न्हाई."

मी बाहेर गेले तर फोन बंद.

"कोण होतं अप्पा?"

"कोन न्हाई. राँग नंबर."

आकडा लावणं म्हणजे काय, हे आमच्या घराला चांगलं ठाऊक होतं. सख्खा चुलता मटक्यापायी घर सोडून गेला तो परत आला नाही. एकशेबारा म्हणजे पोलीस, एवढंही मला कळत होतं. मग पोलिसांची काळजी नाही, असं हे कुणाच्या जिवावर सांगून राहिले?

रात्री जेवताना मी त्यांच्याकडं बघत होते. ते मुकाट्यानं भाकरी कुस्करत होते. इतकं गुमान कारल्याची भाजी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. माझा संशय पक्का झाला.

सोमवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि ऑटोनं बागेपाशी उतरले. अप्पा बागेत नव्हते. पलीकडं लिंबाखाली चहाचा गाडा होता, तिथं बाकड्यावर बसले होते. सोबत एक पांढऱ्या दाढीचे चाचा, घड्याळं दुरुस्त करणारे, आणि अर्धापूरकडचा एक केळीवाला शेतकरी. मधे जिलबीची प्लेट.

चाचांनी मला आधी पाहिलं. अप्पांच्या फोनमधला माझा फोटो त्यांनी पाहिलेला असावा.

"या अल्ला, एकशेबारा! ड्रायवरसाब, नौ दो ग्यारा!"

केळीवाला खरंच प्लेट घेऊन पळाला. अप्पा कपात बघत बसून राहिले.

"एकशेबारा कोण?" मी विचारलं.

"बेटी, गुस्सा नको करू," चाचा म्हणाले. "दोन नंबर म्हंजे साखरेचा चहा. चोरीचा ना, म्हणून. छत्तीस म्हंजे फिका, त्याचं अन् आमच्या जिभेचं जमत न्हाई. अन् एकशेबारा…"

"तू," अप्पा म्हणाले.

मला हसू आलं नाही. जुगार नव्हता याचं हायसंही वाटलं नाही. कान तापले होते. आम्ही चालत घराकडं निघालो.

"पाय गेला असता तर?" मी शेवटी म्हणाले.

"हाव. गेला असता." थोडं चालून ते थांबले. "तुझी माय बी साखर लपवायची. पर ती संगं बसून फिका चहा प्यायची. तू नुसता पहारा करून राहिलीस."

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आल्यावर दोन कप फिका चहा करते आणि गॅलरीत त्यांच्याजवळ बसते. पहिले काही दिवस तो माझ्याच घशाखाली उतरेना. अप्पा मात्र रस्त्यावरच्या जुन्या गोष्टी सांगायला लागले. किनवटच्या जंगलात बंद पडलेली गाडी, पुढं उभं राहिलेलं अस्वल. बागेतही जातात. तिथं त्यांना फिकाच पाजतो, अशी चाचांनी शपथ घेतली आहे.

शपथेवर माझा पुरता विश्वास बसलेला नाही. परवा चहा पिता पिता अप्पांचा फोन वाजला. पाठ फिरवून ते हळूच म्हणाले, "छप्पन झालं का?"

हा आकडा नवा होता, छप्पन भोगातलं काहीतरी गोडच असणार. मी त्यांच्याकडं बघितलं.

"चहा पी," ते म्हणाले, "गार होऊन राहिला."