यादीतून काढलेलं कार्ड

कोऱ्या पुठ्ठ्याचा वास आला की पिंपरीच्या कारखान्यातली पंचिंगची खोली आठवते. स्टोअरचा माल कॉम्प्युटरवर चढवायचा म्हणून मी प्रत्येक वस्तूचं कार्ड भोकं पाडून तयार करायचो. कँटीनमध्ये आमचे म्हातारे स्टोअरकीपर म्हणाले, "राव, भोकं पाडायला कॉलेज कशाला? सुताराकडं ऱ्हायचं की." त्यानंतर सगळे मला सुतारच म्हणू लागले. मी त्यांच्यावर दात धरला. नवा नियम होता, कार्डांवरून कॉम्प्युटरने छापलेल्या यादीत नाही तो माल द्यायचा नाही. मी रोज लागणाऱ्या एका बेअरिंगचं कार्डच गठ्ठ्यातून काढून फाडलं. दुसऱ्या दिवशी बेअरिंगवाचून कारखान्यातली लाइन अडली. "यादीत न्हाई, पर फळीवर हाय," म्हणत स्टोअरकीपरांनी स्वतः पेटी नेऊन दिली. लाइन चालू झाली आणि नियम मोडला म्हणून साहेबांनी त्यांना स्टोअरमधून काढून गेटवर बसवलं. जाताना ते मला म्हणाले, "पोरा, तेवढं बेअरिंग चढव यादीत. पुढच्याचं अडाया नको." त्यांना कसलाच संशय नव्हता. मी नुसती मान हलवली. पश्चात्ताप पुष्कळ नंतरचा. त्या दुपारी मी भात दोनदा मागून घेतला, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.